ब्रिगेडियर उस्मान आणि निष्ठेचे ठेकेदार

देशभक्तीची प्रमाणपत्रे वाटणारे ठेकेदार या देशात पुष्कळ आहेत. ते निष्ठेचा पुरावा मागतात तो मुसलमानाकडे, दलिताकडे, आदिवासीकडे! या ठेकेदारांना आम्ही विचारतो, ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान हे नाव तुम्ही ऐकले आहे काय?

उत्तर प्रदेशातील बीबीपूर गावी १५ जुलै १९१२ रोजी जन्मलेले उस्मान सँडहर्स्टमध्ये शिकून १९३४ साली लष्करी अधिकारी झाले. पुढे ते बलुच रेजिमेंटमध्ये गेले. १९४७ च्या फाळणीत ही रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला आली. मुसलमान अधिकाऱ्याला तिकडे बढतीची दारे उघडी होती. उस्मान यांनी भारत निवडला.

डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीरच्या लढाईत झांगर हे मोक्याचे ठाणे आपल्या हातून गेले. तेथील झुंजीबद्दल महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीरचक्र मिळाले, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या आघाडीवरील ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे प्रमुख उस्मान यांनी झांगर परत घेईपर्यंत पलंगावर झोपायचे नाही, असा पण केला. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांच्या ब्रिगेडने नौशेरावरचा मोठा हल्ला मोडून काढला. शत्रूने त्यांच्या डोक्यावर पन्नास हजारांचे इनाम लावले. १८ मार्चला झांगर परत आले, तेव्हाच उस्मान पलंगावर झोपले.

३ जुलै १९४८ रोजी झांगर येथेच तोफेच्या गोळ्याने त्यांचा बळी घेतला. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. पंतप्रधान नेहरू अंत्ययात्रेत सामील झाले. मरणोत्तर महावीरचक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

आणि पुढे काय झाले? दिल्लीत जामिया मिलियाजवळच्या कबरस्तानातील त्यांची कबर २०२० च्या डिसेंबरात फुटलेल्या अवस्थेत आढळली. बातम्या आल्यानंतर लष्कराने ती दुरुस्त केली.

रक्त सांडूनही हक्क नाकारला जाणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पराक्रम गाजवूनही इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणूनच उस्मान यांचा इतिहास आम्ही आमचा मानतो. ३ जुलैला आपल्या वस्तीतील मुलांना तो सांगा. पाठ्यपुस्तकाची वाट पाहू नका!