मनोरा तोच, वाऱ्याचा मारा मात्र जागेनुसार

मोबाइलचा असो वा दूरचित्रवाणीचा, कोणताही मनोरा वादळात टिकेल की नाही, हे त्याच्या पोलादाइतकेच भोवतालच्या भूभागावर अवलंबून असते.

जमिनीलगतचा वारा झाडे, घरे आणि उंचवटे यांना अडखळत मंदावतो. वर जावे तसा त्याचा वेग वाढतो. त्यामुळे भारतीय मानक ब्युरोच्या २०१५ मध्ये सुधारलेल्या 'आयएस ८७५ (भाग ३)' या संहितेत भूभागाचे चार प्रकार केले आहेत. दहा मीटर उंचीवर खुल्या समुद्रकिनाऱ्यासाठी वाऱ्याच्या मूळ वेगाला १.०५ ने, तर उंच इमारतींच्या दाट वस्तीसाठी ०.८० ने गुणले जाते. हा फरक किरकोळ वाटेल. परंतु वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने किनाऱ्यावरील दाब सुमारे पावणेदोन पट ठरतो.

शहराचा हा आडोसा उंचीवर मात्र विरतो. ५० मीटरवर हेच गुणक अनुक्रमे १.२० आणि १.१० होतात. म्हणजेच उंच इमारतीच्या गच्चीवरील मनोऱ्याला खालच्या गर्दीचा फारसा आधार उरत नाही.

डोंगरमाथ्यावर परिस्थिती अधिक बिकट असते. चढणीवर वाऱ्याचा प्रवाह आकुंचन पावून वेगवान होतो. उतार तीन अंशांहून अधिक असल्यास संहितेनुसार त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. तीव्र उताराच्या माथ्याजवळ हा गुणक १.३६ पर्यंत जातो. पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला जातो. मोकळ्या सपाट जागी त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो वजनाइतका होतो. अशा माथ्यावर तोच १७० किलोंच्या पुढे जाऊ शकतो.

शेजारच्या बांधकामाने वारा अडतोच, असेही नाही. इंग्लंडमधील फेरीब्रिज वीजकेंद्रात १ नोव्हेंबर १९६५ रोजी आठपैकी तीन शीतक मनोरे कोसळले. ते वाऱ्याच्या दिशेने मागच्या रांगेत होते. पुढच्या मनोऱ्यांमधून घुसलेल्या खवळलेल्या प्रवाहाचा तडाखा त्यांना बसला. शिवाय आराखड्यात क्षणिक झोतांऐवजी सरासरी वेगाचा आधार घेतला गेला होता.

त्यामुळे एका जागेसाठी केलेला आराखडा दुसरीकडे जसाच्या तसा वापरणे धोक्याचे ठरते. गच्ची भाड्याने देणाऱ्या गृहनिर्माण सोसायट्यांनीही मनोऱ्याची गणिते त्याच जागेसाठी व त्याच उंचीसाठी केली आहेत का, हे करारापूर्वी विचारून घेणे हिताचे आहे.