सांधे दुखतात, पण चिठ्ठी कोणाला द्यायची?

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सांधेदुखीच्या रुग्णांची रांग कधी संपत नाही. यांतल्या बहुतेकांना संधिवाततज्ज्ञाची गरज नसते. साठीतला झिजलेला गुडघा नेहमीचे डॉक्टरही सांभाळू शकतात. मग चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचे कोणाला?

आपण एक साधा प्रश्न विचारून पाहू : सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? झिजलेला गुडघा दहा-पंधरा मिनिटांत सैल होतो आणि दिवसभराच्या चालण्याने दुखू लागतो. आमवातात नेमके उलटे घडते. सकाळी मूठ वळत नाही, वेणी घालता येत नाही. तासाभराच्या हालचालीनंतर बरे वाटते. शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परके समजते, ते अस्तर सुजते, वाढते आणि कूर्चा व हाड पोखरू लागते. पोखरलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही, आणि हे नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली शिफारस केली, की सांधे सुजलेला रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांत तज्ज्ञाने पाहावा.

उशीर पुष्कळदा रक्ताच्या अहवालापाशी होतो. 'आर. ए. फॅक्टर' सापडला नाही, की 'तुम्हाला वात नाही' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. पण आमवाताच्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णात तो सापडतच नाही. उलट क्षयरोगात, आणि काही धडधाकट वृद्धांतही, सापडतो! त्यापेक्षा रुग्णाचा हात हातात घ्यावा. बोटे तळव्याला मिळतात ती सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबताच रुग्ण कळवळला, तर चिठ्ठी लिहावी. तीत मागे ताप येऊन गेला होता का, हेही नोंदवावे. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्महिने धरलेले होते.

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि तापही असला, तर मात्र चिठ्ठीच्या तारखेची वाट पाहू नये. सांध्यात पू झाला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आमवात मोठ्यांचा असला, तरी त्याच्या जातीचे आजार मुलांनाही होतात. पहिल्या तासाला लंगडणारा, पेन्सिल नीट न धरणारा मुलगा दुपारी मैदानावर धावतो, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्याची सूज ६ आठवडे टिकली, तर तज्ज्ञाकडे जायलाच हवे. यांतल्या काही मुलांच्या डोळ्यांतही आतून दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, पण दृष्टी जाऊ शकते. तेव्हा अशा मुलासाठी नेत्रतज्ज्ञाच्या नावाची दुसरी चिठ्ठीही मागून घ्यावी.