पिसानेल्लोचे पदक : नाणे नव्हे, चित्र

प्रबोधनकालीन व्यक्तिचित्र-पदकांचा आरंभ पिसानेल्लो या इटालियन चित्रकारापासून मानला जातो. ऑटोमन तुर्कांविरुद्ध पाश्चात्त्यांचे साहाय्य मिळावे, या हेतूने बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस १४३८ मध्ये फेरारा येथील धर्मपरिषदेस आला. त्याचेच हे ब्राँझचे पदक. नाणे ठशाच्या आघाताने पाडले जाते. हे पदक मात्र मेणाच्या नमुन्यावरून साचा घेऊन ओतलेले आहे. त्यामुळे सुमारे १० सेंटीमीटर व्यासाच्या या तबकडीवर उठावातील सूक्ष्म चढउतार साधता आले. दर्शनी बाजूस उंच, टोकदार टोपी घातलेल्या सम्राटाचा एका अंगाने दिसणारा चेहरा. मागील बाजूस क्रूसासमोर हात जोडलेला अश्वारूढ सम्राट. लॅटिन व ग्रीक स्वाक्षरीत पिसानेल्लो स्वतःस ‘चित्रकार’ म्हणवतो, ही बाब आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव झाला; ती टोपी मात्र इटालियन चित्रांत पुढेही दिसत राहिली.