दर दोन तासांनी कूस

मुलांनो, आपल्या सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसं पोटासाठी बाहेरगावी असतात. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायला पार तमिळनाडू, केरळपर्यंत पोचलेत. साताऱ्याकडचे कितीतरी जण मुंबईला माथाडी कामाला गेले. गावाकडच्या घरात आजी-आजोबा, सून आणि नातवंडं. अशा घरात आजोबांना लकवा झाला, की त्यांचं करायचं कोणी?

‘सून सासऱ्यांचं सगळं करते’ असं आपण सहज म्हणतो. त्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं ठाऊक आहे? तोंड धुणं, अंग पुसणं, कपडे बदलणं, भांडं देणं, भरवणं आणि साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं. हो, रात्रीसुद्धा!

आपण झोपेत नकळत कूस बदलतो. लकवा झालेल्या माणसाला ते जमत नाही. मग माकडहाड, खुबा, टाच जिथे गादीला टेकते, तिथली कातडी दबते आणि तिला रक्त मिळेनासं होतं. आधी लाल चट्टा, मग जखम. वरून ती एवढीशी दिसते, पण आत हाडापर्यंत जाऊ शकते बरं का! चट्टा दिसला तर चोळायचा नाही. त्या जागेवरचा भार काढायचा आणि दवाखान्यात कळवायचं. पाणी पाजायचं तेही नीट बसतं करून, घोट घोट. आडव्या माणसाला पाजलं तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

हे शिकलेलं माणूस घरी आलं तर किती फरक पडतो! १८५९ साली इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने आजारी बायकोसाठी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी ठेवली होती. बायको वारली. रॅथबोनच्या मनात आलं, पैसा असूनही आपल्याला या बाईंचा एवढा आधार वाटला, मग गरिबांचं काय? त्याने मेरीबाईंना गरिबांच्या घरोघरी धाडलं, पगार स्वतः दिला. घरी येणाऱ्या परिचारिकांची पद्धत तिथून वाढली.

आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. दिव्यांग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये आणि घरी मदतनीस मिळावा यासाठी सरकारने प्रयत्न करावा, असं त्यात लिहिलंय. खेड्यात मात्र मदतनीस म्हणजे अजून घरातली बाईच. नाहीतर मुलगी! वर्गातली एखादी मुलगी आठ-आठ दिवस दिसत नाही, तेव्हा चौकशी केली की कळतं, आजी आजारी आहे. तिचा भाऊ मात्र रोज शाळेत हजर. हे मला पटत नाही.

तुम्ही काय कराल? आजोबांना एकट्याने उचलू नका. ते पडतील आणि तुमचीही पाठ धरेल. पण दुपारी आई जरा आडवी झाली, तर घड्याळाकडे लक्ष ठेवता येईल. पेपर वाचून दाखवता येईल. आणि हात लावण्याआधी ‘आजोबा, आता कूस बदलूया का?’ असं विचारा. दार लावून घ्या, अंगावर चादर असू द्या. सदरा कुठला घालायचा, तेही त्यांनाच विचारा. बोलता येत नसलं तर दोन सदरे समोर धरा. डोळे कुठल्या सदऱ्याकडे वळतात, ते नीट पाहिलं की कळतं.