सातव्या दिवसाचा हिशेब

समजा, श्रीगोंदा तालुक्यातल्या दोन घरांत एकाच दिवशी इनक्युबेटरमध्ये ५०-५० अंडी ठेवली आणि एकविसाव्या दिवशी दोन्हीकडे ३०-३० पिल्लं निघाली. दोघंही म्हणतील, साठ टक्के उतारा पडला, आणि दोघंही पुढच्या खेपेला यंत्राचा काटा इकडेतिकडे फिरवून पाहतील. प्रत्यक्षात पहिल्या घरातली १४ अंडी मुळात फळलेलीच नव्हती. उरलेल्या ३६ पैकी ३० फुटली, म्हणजे ८३ टक्के. तिथं यंत्र चोख आहे. खोट कळपात, बहुधा कोंबड्यात आहे. दुसऱ्या घरात बिनफळाची अंडी तीनच होती, पण फळलेल्या ४७ पैकी १७ गर्भ आतल्या आत मेले. म्हणजे खरा उतारा ६४ टक्के, आणि खोट यंत्रात किंवा अंड्यांच्या साठवणीत. पहिल्यानं यंत्राला हात लावला तर चांगलं चाललेलं बिघडेल. दुसऱ्यानं कोंबडा बदलला तर पैसे फुकट जातील. एकविसाव्या दिवशी नुसती पिल्लं मोजणाऱ्याला ही दोन घरं सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक कळायचा तर सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंड्याला खालून बॅटरी लावून पाहावं लागतं. या तपासणीला कँडलिंग म्हणतात, आणि बहुतेक जण ती नासकी अंडी वेचून काढण्यासाठी करतात. ते तिचं दुय्यम काम आहे. तिचा खरा उपयोग पाळणाऱ्याची स्वतःची चूक नेमकी कुठं झाली ते दाखवण्याचा आहे, आणि श्रीगोंद्यासारख्या कोरड्या, उन्हाच्या मुलखात या उपयोगाला पर्याय नाही.

तपासणीला लागतं फार थोडं. मोबाइलची बॅटरी, तिच्यावर जाड पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक. उजेड कडेनं गळता कामा नये. अंड्याचं रुंद टोक भोकावर ठेवून ते किंचित कलतं धरायचं आणि हलक्या हातानं फिरवायचं. देशी कोंबडीचं फिकट कवच यासाठी सोयीचं असतं. गडद तपकिरी कवचातून इतक्या लवकर काही दिसत नाही. सातव्या दिवशी जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा पसरलेल्या असतात आणि त्यांच्या मध्यावर एक काळा ठिपका असतो. तो पिल्लाचा डोळा. अंडं क्षणभर स्थिर धरलं तर हा ठिपका आपणहून झोका घेतो. बिनफळाचं अंडं सगळीकडून सारखं पिवळसर, स्वच्छ दिसतं आणि त्यातला बलक सावलीसारखा सरकतो. तिसरा प्रकार ओळखायला शिकणं सर्वांत महत्त्वाचं: शिरांचं जाळं नाही, पण कवचाच्या आतून एक तांबडी कडी फिरलेली आहे. याचा अर्थ गर्भ धरला होता, रक्त धावू लागलं होतं, आणि पहिल्या काही दिवसांतच तो मेला. कोंबडीच्या गर्भाचं हृदय दुसरा दिवस सरता सरता धडधडू लागतं. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी अॅरिस्टॉटलनं एकामागून एक दिवसाची अंडी फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात रक्ताचा एक उडता ठिपका दिसतो अशी नोंद केली. त्याला त्यासाठी रोज एक अंडं फोडावं लागलं. आज अंड्याला धक्काही न लावता तेच पाहता येतं, आणि तरी पुष्कळ घरांत ते पाहिलं जात नाही याची खंत वाटते.

श्रीगोंद्यात या तिसऱ्या प्रकाराची अंडी, विशेषतः उन्हाळ्यात, का वाढतात ते समजून घेण्यासारखं आहे. कोंबडीनं घातलेलं फळलेलं अंडं ही थांबवून ठेवलेली वाढ असते. तापमान साधारण २० अंशांच्या खाली असेल तर ती वाढ खरोखर थांबते. म्हणून उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांत आणि शक्यतो आठवड्याच्या आत वापरावीत असं सांगतात. चैत्र-वैशाखात बेलवंडी, कोळगाव, मांडवगण या भागातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी काय तापमान असतं हे सांगायला नको. अशा खोलीत पाटीत साठवलेल्या अंड्यातला गर्भ धड वाढतही नाही आणि धड थांबतही नाही. दुपारी थोडा पुढे सरकतो, पहाटे अडतो, आणि आठ दिवसांनी यंत्रात ठेवेपर्यंत अशक्त झालेला किंवा मेलेला असतो. फार लवकर मेला तर रक्ताची कडीही उमटत नाही आणि बॅटरीच्या उजेडात अंडं बिनफळाचंच वाटतं. इथं उजेड फसवतो, आणि त्यावर उपाय अंडं फोडण्याचा आहे. स्वच्छ दिसलेली सगळी अंडी बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका पाहावा. तो बारीक, घट्ट, वेड्यावाकड्या कडांचा असेल तर अंडं खरंच फळलेलं नव्हतं. तो पसरट, गोल आणि कडेला वलय असलेला असेल तर गर्भ होता. तो साठवणीत किंवा पहिल्या दोन दिवसांत गेला. पहिल्या बाबतीत कोंबड्याकडे पाहायचं: आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे का, तो म्हातारा झाला आहे का, उन्हानं मलूल आहे का. दुसऱ्या बाबतीत अंडी दिवसातून दोनदा गोळा करायची आणि ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवायची. वैशाखातली कोरडी हवा या एका कामाला फार उपयोगी पडते. ओल्या मडक्यातलं तापमान ती बाहेरच्यापेक्षा पुष्कळ खाली आणते. घरचा फ्रीज मात्र या कामासाठी फार थंड असतो.

हवेच्या कोरडेपणाचा दुसरा परिणाम अधिक छुपा आहे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून एकवीस दिवस पाणी उडत राहतं. ते उडायलाच हवं, कारण त्यामुळं रुंद टोकाशी हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटावं: ४५ ग्रॅमचं देशी अंडं ४० ग्रॅमच्या आसपास यावं. पुस्तकात आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा असं लिहिलेलं असतं आणि लोक यंत्रात पाण्याची वाटी ठेवून निश्चिंत होतात. पण भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. हिवाळ्यातल्या पहाटे १० अंशांची, दवानं पूर्ण भिजलेली हवा यंत्रात जाऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता १९ टक्क्यांवर येते. हा साधा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. पावसाळ्यात २५ अंशांची भिजलेली हवा तशीच तापवली तर ४९ टक्के उरतात. म्हणजे भाद्रपदात जी वाटी पुरून उरते, तीच पौषात निम्मंही काम करत नाही. शिवाय स्वस्त यंत्रातला आर्द्रतामापक पाच-दहा टक्के इकडेतिकडे दाखवणं सर्रास आहे. अंडं खोटं सांगत नाही. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी उजेडात हवेच्या पोकळीची कड जिथं दिसते तिथं पेन्सिलीनं रेघ मारत जावं. पोकळी वाजवीपेक्षा मोठी होत असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवायचा, म्हणजे वाटी खोल नको, पसरट हवी. लहान राहिली असेल तर वाटी काढून टाकायची. वीस अंड्यांचा ट्रे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून दर आठवड्याला तोललं तर हाच निकाल आकड्यांत मिळतो: ९०० ग्रॅमचा ट्रे अठराव्या दिवशी ७९० च्या जवळपास हवा.

याला पहिला आक्षेप येतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा, आणि तो नीट ऐकला पाहिजे. खुडूक कोंबडी पाटीत भुसकट घालून दहा-बारा अंड्यांवर बसवली, वर डालगं झाकलं, की एकविसाव्या दिवशी पिल्लं चिवचिवायची. तेव्हा कुणी अंड्यांना बॅटऱ्या लावत होतं का? नव्हतं, आणि गरजही कमी होती. खुडूक कोंबडी स्वतःच तापमान राखते, पोटाच्या उघड्या कातडीनं अंड्याचा अंदाज घेते, दिवसभर अंडी उलथत राहते आणि कधीकधी मेलेलं अंडं बाजूला सारते. तिच्याखाली एकाच वेळी फार अंडी नसतात, त्यामुळं चूक झाली तरी नुकसान थोडं. यंत्र आणलं तेव्हा आपण कोंबडीची ही सगळी कामं अंगावर घेतली. त्यातलं राखण्याचं काम विजेवर सोपवता येतं, पारखण्याचं येत नाही. वीजही भरवशाची नसते. तीन-चार तास दिवे गेले की पाळणारा हवालदिल होऊन सगळी खेप टाकून द्यायला निघतो. वास्तविक गर्भ थोडा वेळ थंडी सोसतो. त्याला जास्त मारक ठरते ती उष्णता, दिवे आल्यावर घाईनं वाढवलेली. अशा वेळी खेप टाकायची की ठेवायची हे अंदाजानं ठरवू नये. एक दिवस थांबून दहा अंडी उजेडात धरावीत. शिरा ताज्या, तांबड्या आणि ठिपका हलता असेल तर खेप जिवंत आहे.

दुसरा आक्षेप असा की सारखं झाकण उघडून, अंडी हाताळून आपणच गर्भ मारतो. अतिरेक केला तर हे खरं आहे. पण खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी वीस मिनिटं उठते आणि अंडी तेवढी निवतात. सातवा, चौदावा आणि अठरावा दिवस, दर वेळी एका ट्रेला दहा-पंधरा मिनिटं, धुतलेले हात आणि धक्का न देता फिरवणं: एवढ्यानं गर्भाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रोज रात्री पाहुण्यांना दाखवायला तीच तीच अंडी काढल्यानं. जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब वापरत असाल तर अंडं त्यावर टेकवून ठेवू नका. एलईडीची बॅटरी थंड असते, तीच बरी. खरं तर एक तपासणी यंत्रात ठेवण्याआधीचीही हवी. पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून किंवा आणखी कुठून अंडी आणली, तर दौंडवरून गाडीवर येताना ती हिंदकळतात. डोळ्याला न दिसणारी केसाएवढी चीर उजेडात लख्ख चमकते, आणि पोकळी जागेवरून सुटली असेल तर तेही कळतं. पोकळी सुटलेली अंडी रुंद टोक वर करून दिवसभर स्थिर ठेवावीत, मगच यंत्रात घालावीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: तीस अंड्यांच्या घरगुती यंत्रासाठी एवढा खटाटोप कशाला? मेलेलं अंडं ३७ अंशांत दोन आठवडे राहिलं तर आत वायू साठतो आणि ते फुटू शकतं. ती घाण शेजारच्या अंड्यांच्या छिद्रांत शिरते. लहान यंत्रात एक नासकं अंडं अख्खी खेप बाधवू शकतं, मोठ्या उबवणी केंद्रापेक्षाही लवकर. सातव्या दिवशी काढलेल्या स्वच्छ अंड्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं पाहिजे. आठवडाभर उबेत राहिलेलं अंडं खाण्यासाठी विकू नये. विकत घेणाऱ्याला ते ताजं नाही हे कळायला मार्ग नसतो.

अठराव्या दिवशी अंड्याचा खालचा भाग पूर्ण काळा दिसतो आणि वर पोकळीची तिरकी, उजळ कड असते. कधी त्या कडेवर चोचीची सावली हलते. इथून पुढे अंडी फिरवणं बंद करायचं, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकणाला हात लावायचा नाही. बाविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी फोडून पाहण्याचं काम किळसवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, पण हिशेब त्याशिवाय पुरा होत नाही. पूर्ण वाढलेलं, पडद्याला चिकटून वाळलेलं पिल्लू म्हणजे शेवटी हवा कोरडी पडली. ओलं, सुजलेलं आणि बलक पोटाबाहेर राहिलेलं पिल्लू म्हणजे ओल जास्त झाली किंवा तापमान कमी पडलं. ही कारणं, सातव्या दिवसाची बिनफळाची आणि रक्तकडीची संख्या, पोकळीच्या रेघा, ट्रेची वजनं आणि वीज गेल्याचे तास असं सगळं एकाच वहीत यावं, आणि खेपेवर महिना जरूर लिहावा. वैशाखातल्या खेपेची तुलना श्रावणातल्या खेपेशी करून उपयोग नाही; ती पुढच्या वैशाखातल्या खेपेशीच करायची असते.