एकट्याचे दोन आवाज

गायक-गीतकार एलियट स्मिथच्या 'रोमन कँडल' या अल्बमची ओळख 'एक माणूस, एक गिटार' अशी सर्रास करून दिली जाते. हेडफोन लावून ऐकलं की त्यातला निम्माच भाग खरा ठरतो. माणूस एकच आहे, पण कित्येक ठिकाणी तो एकाच वेळी दोनदा गातोय.

स्मिथ तेव्हा अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये हीटमायझर या दणदणाटी बँडमध्ये होता. ही गाणी त्याने मैत्रिणीच्या घराच्या तळघरात चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केली. फार तर एखादं गाणं कोणी काढेल, एवढीच अपेक्षा होती. कॅव्हिटी सर्च या छोट्या कंपनीने १९९४मध्ये सगळीच काढली. नऊ चिजा, जेमतेम अर्धा तास.

घरगुती चार-ट्रॅक यंत्रं तेव्हा बहुधा साध्या कॅसेटवर चालत. कॅसेटच्या 'ए' बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक असतात, 'बी' बाजूला दोन. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं. तीच कॅसेट घरच्या टेपवर लावून उलटवली, तर उरलेले दोन ट्रॅक शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतील! चार ट्रॅक म्हणजे चारच जागा. दोन गिटारी आणि दोन आवाज भरले की संपलं; आणखी काही हवं असेल तर आधीचे ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे, आणि दर उतरवणीला टेपची खरखर थोडी वाढते.

मग इतकी तंगी असताना तोच आवाज दुसऱ्यांदा कशाला? एका ध्वनिमुद्रणाची हुबेहूब प्रत त्यावर ठेवली तर आवाज फक्त मोठा होतो. पुन्हा गायलं की मात्र सूर किंचित हलतो आणि शब्द काही मिलिसेकंद मागेपुढे पडतो. एक सूर ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४२चा असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. एवढासा फरक कान वेगळा काढत नाही. त्याला आवाज भरीव झाल्यासारखा वाटतो. कुजबुजीला हे फारच मानवतं, कारण एकेरी कुजबुज गिटारीखाली सहज दबते. १९६६मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिअभियंता केन टाउनसेंड यांनी ही दुहेरी करामत यंत्राने साधून बीटल्सचे कष्ट वाचवले. स्मिथने कष्टाचा रस्ता धरला.

दोनदा गाण्याची ही चोरी पकडायची असेल तर ओळीच्या शेवटच्या अक्षराकडे कान द्या. स्वर जुळवून घेता येतात. 'स', 'ट', 'क' जुळवणं अवघड. एक 'स' संपतो आणि दुसरा त्याची शेपटी ओढत येतो.

मायक्रोफोन ओठांजवळ असला की आवाजातला खर्ज फुगतो, पण फुंकर आणि शिट्टीसारखे 'स'ही टोचायला लागतात. २०१०च्या आवृत्तीसाठी ध्वनिअभियंता लॅरी क्रेन यांनी हे 'स' आणि तारांवरून बोटं घसरतानाची चरचर सौम्य केली. गाणी कानाला सोपी झाली, यात शंका नाही. तरी मला जुनीच प्रत आवडते. चरचर ऐकू आली की पुढचा कॉर्ड येतोय हे क्षणभर आधीच कळतं.