जुन्या संगणकावर लिनक्स

संगणक मंद झाला म्हणजे तो बिघडला असे नव्हे. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असते, त्यावरचे सॉफ्टवेअर त्याला झेपेनासे झालेले असते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते. एखाद्या तालुक्याच्या गावात शाळेत, पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात कोअर टू ड्युओच्या काळातला एखादा संच अजून टेबलावर असेल, तर त्याला विंडोज ११ चा रस्ता बंद आहे. तरीही चालते यंत्र भंगारात घालण्याचे कारण नाही. लिनक्स फुकट आणि रीतसर मिळते, आणि असा संच आणखी काही वर्षे कामाला येतो.

कमी ताकदीच्या यंत्रावर लिनक्स चालल्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे लॅपटॉप आले. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी, साठवणुकीला जेमतेम १ जीबी. त्यावर फेडोरा लिनक्सच्या आधाराने ‘शुगर’ हा मुलांसाठीचा इंटरफेस चालत असे. आज अडगळीत पडलेला संगणकही सहसा याहून बराच सशक्त असतो.

आधी प्रोसेसर पाहावा. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे बहुतेक संच ६४-बिट आहेत. २००८ च्या सुमारास आलेल्या छोट्या नेटबुकांतला अ‍ॅटम एन२७० मात्र ३२-बिट. हा फरक आता महत्त्वाचा आहे, कारण डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. अशा यंत्रांसाठी अँटीएक्स किंवा पपी लिनक्सची ३२-बिट आवृत्ती घ्यावी. १ जीबीच्या आतबाहेर रॅम असेल तरी हीच दोन बरी. २ जीबी असेल तर लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते, ४ जीबीवर ती मोकळेपणाने चालते.

खरी अडचण पुढे येते. हलके लिनक्स स्वतः थोडीच रॅम खाते. ब्राउझर उघडून चार टॅब लावले की उरलेली संपते. लिनक्स टाकले म्हणून यूट्यूब सुसाट पळेल ही अपेक्षा ठेवू नये. थोडा खर्च करायचाच असेल तर रॅमची एक पट्टी वाढवावी आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. एसएसडीने पडणारा फरक कोणत्याही सेटिंगने पडत नाही.

मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन रुफस किंवा एचरसारख्या साधनाने त्यावर लिनक्सची आयएसओ फाइल चढवावी आणि संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडावा. लिनक्स ‘लाइव्ह’ सुरू होते, हार्डडिस्कला हातही लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर इथेच तपासून घ्यावे. वाय-फाय लागत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केले की नेट मिळते. पेनड्राइव्ह संथ असतो, तेव्हा या चाचणीवरून वेग ठरवू नये.

जुन्या संचात आणखी एक घोटाळा हमखास भेटतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटन सेल संपलेला असतो आणि वीज तोडली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणून अडवतो. दोष इंटरनेटचा नसतो, लिनक्सचाही नसतो. सेल बदलून तारीख नीट केली की साइट उघडू लागतात.

लिनक्स प्रत्यक्ष टाकताना ‘इरेज डिस्क’ निवडले तर डिस्कवरचे सगळे जाते, म्हणून फोटो आणि कागदपत्रे आधीच दुसरीकडे काढून ठेवावीत. पावसाळ्यात विजेचा नेम नसतो. डेस्कटॉपला यूपीएस असल्याखेरीज हे काम सुरू करू नये. रॅम कमी असेल तर स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरण्यासाठी, डिस्कवर २ ते ४ जीबी जागा सोडावी.

मराठीची सोय चांगली आहे. लोहित, नोटो हे फाँट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सहज बसवता येतात, लिबरऑफिसमध्ये युनिकोड मराठी नीट उमटते. पण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि टॅली हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. रोजची कमाई त्यांवरच असेल त्या दुकानाने मुख्य संगणक तसाच ठेवून बाजूच्या जुन्या संचावर लिनक्स टाकावे. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे छोटे धडे मराठीत मोफत मिळतात. ते उतरवून घेतले की नेटशिवाय त्याच संगणकावर पाहता येतात.